बाबा ताटातलं डावीकडचं जेवत नाहीत, पण डोळे तर नॉर्मल आहेत, मग हे नक्की काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळीत परत मांडते म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. वडील ६६ वर्षांचे, किराणा दुकान आहे, दोन महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला, पाय बराच सुधारलाय, डावा हात अजून लुळा आहे, बोलणं अगदी व्यवस्थित. पण ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो, दाढी अर्धीच होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणे डोळे चांगले आहेत, चष्म्याचा नंबरही तोच. आणि घरात आता दोन पार्ट्या पडल्यात, आई म्हणते मुद्दाम करतात, भाऊ म्हणतो डोक्यावर परिणाम झालाय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की दुकानात कधी बसवायचं आणि स्कूटर कधी द्यायची.

मी न्यूरो रिहॅबमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मेंदूच्या आजारानंतर रोजची कामं परत जमायला मदत करते, स्ट्रोकचेच पेशंट जास्त बघते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी हा सरळ सरळ निग्लेक्ट वाटतोय, पूर्ण नाव हेमिस्पेशिअल निग्लेक्ट, म्हणजे डोळे चांगले असूनही एका बाजूकडे लक्षच न जाणं. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर हे भरपूर दिसतं पण डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं मला क्वचितच सापडतं, कारण पेशंट स्वतः तक्रारच करत नाही. बोलता येत नसेल तर घरच्यांना लगेच कळतं, पाय ओढत असेल तर शेजाऱ्यांनाही कळतं, पण डावी बाजू हरवलीय हे सांगणार कोण? ज्याची हरवलीय त्याला तर सगळं पूर्णच दिसतंय.

हे समजायला आधी चांगल्या माणसाचं लक्ष कसं चालतं ते बघायला लागेल, थोडं लांबेल पण वाचा, कारण आईंचा गैरसमज इथेच सुटेल.

आपल्याला वाटतं डोळे उघडले की समोरचं सगळं दिसतं. तसं नसतं हो. हात पूर्ण लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, त्या नखाएवढ्या जागेचं, फार तर थोडं जास्त, तेवढंच एका वेळी बारीक स्पष्ट दिसतं, बाकी सगळं कडेकडेला धूसर होत जातं. ते आपल्याला जाणवत नाही कारण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत असतो, इथून तिथे, तिथून पलीकडे, आणि मेंदू ते तुकडे जोडून एक सलग चित्र आपल्या हातात देतो. आता पुढची उडी कुठे मारायची हे कोण ठरवतं? लक्ष ठरवतं. म्हणजे जिथे लक्ष जातच नाही तिथे डोळाही जात नाही, मग डोळा कितीही चांगला असो.

आणि डोळा गेला तरी काम झालं असंही नाही. २०१३ साली अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि कॅन्सरच्या गाठी शोधायला सांगितलं, शेवटच्या स्कॅनमध्ये गुपचूप एका गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना गोरिला दिसलाच नाही. डोळे कुठे फिरतायत ते यंत्र मोजत होतं, तर न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. रोज स्कॅन वाचणारी माणसं ही, डोळे ठणठणीत, पण लक्ष गाठी शोधण्यात गुंतलेलं. (बास्केटबॉलच्या व्हिडिओतल्या गोरिलाचा जुना प्रयोग १९९९ चा, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल, त्यातही साधारण अर्ध्या लोकांना गोरिला दिसला नव्हता.)

याच्या उलटही होतं, डोळा एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे. बाबांनाच विचारा, दुकानात समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलत असताना बाजूला एखादं पोर गोळ्यांच्या बरणीत हात घालतंय हे त्यांना मान न वळवता कळायचं की नाही? मायकेल पोस्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे १९८० मध्ये प्रयोगात मोजून दाखवलं, नजर मधोमध खिळलेली असताना नुसतं लक्ष एका बाजूला सरकवलं तरी त्या बाजूची गोष्ट लवकर टिपली जाते.

आता मेंदूत हे काम करणाऱ्या ढोबळमानाने दोन यंत्रणा मानतात. एक आपण ठरवून वापरतो, म्हणजे चावी शोधताना, गर्दीत आपला माणूस शोधताना. दुसरी आपोआप चालते, अचानक काही हललं, महत्त्वाचं काही आलं की लक्ष तिकडे ओढून नेते. ही दुसरी जास्त करून उजव्या मेंदूत असते, कानाच्या वर आणि मागे जिथे पॅरायटल आणि टेम्पोरल भाग भेटतात त्या आसपास आणि पुढे कपाळाच्या भागात. आणि उजव्या मेंदूला रक्त देणारी जी मोठी मधली धमनी आहे ती तुंबली की नेमका हाच पट्टा मार खातो. त्यात अजून एक गोम अशी की उजवा मेंदू दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवतो आणि डावा मुख्यतः उजवीकडेच. म्हणून डाव्या मेंदूला स्ट्रोक झाला तर उजवा सांभाळून घेतो, पण उजव्याला झाला तर डावी बाजू सांभाळायला कोणी उरतच नाही. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतरही निग्लेक्ट होतो, पण सहसा सौम्य असतो आणि लवकर सरतो.

शिवाय दोन्ही मेंदू एकमेकांना तोलून धरत असतात, जोडीतला एक बैल बसला की दुसरा गाडी आपल्याच बाजूला खेचत नेतो, तसं एकटा पडलेला डावा मेंदू लक्ष सारखं उजवीकडे ओढतो. तुम्हाला आठवत असेल तर पहिल्या काही दिवसांत बाबांची मान आणि डोळे उजवीकडेच वळलेले असतील, डावीकडून हाक मारली तर उजवीकडे शोधत असतील. असे पेशंट डावीकडे दुर्लक्ष करतात हे अर्धंच खरं, उजवीकडच्या गोष्टीला ते चिकटून राहतात हे बाकीचं अर्धं, आणि त्यातून लक्ष सोडवून घेणं त्यांना फार जड जातं.

आता ताटाचं. आपल्याकडे ताट वाढायची पद्धत काय? मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, भाज्या-आमटी उजवीकडे. त्यामुळे आपल्या घरांमध्ये निग्लेक्टचा पेशंट पहिली तक्रार हमखास ही करतो की आज चटणी का नाही केली. बायको म्हणते समोर तर वाढलीय! तो ताटात बघतो आणि म्हणतो कुठाय? मग ती चिडून ताट गर्रकन फिरवते, चटणी उजव्या बाजूला येते आणि हा पठ्ठ्या म्हणतो, हां, ही काय. इथे बायकोला वाटतं नाटक करतोय. अहो ताट फिरवल्यावर दिसलं यातच तर उत्तर आहे, डोळे चालतायत, चव लागतेय, भूक आहे, नाहीये ती फक्त डावी बाजू. आईंना हे एकदा करून दाखवा आणि मग हे वाचून दाखवा.

पेपरचंही तसंच होतं, ओळ मधूनच वाचायला घेतात आणि मग म्हणतात हल्ली बातम्या काहीही लिहितात, अर्थच लागत नाही. शब्दाचा डावा भागही गळतो, 'सोलापूर'चं नुसतं 'पूर' होतं किंवा मेंदू डावीकडे स्वतःच काहीतरी जोडून 'नागपूर' वाचतो, आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. आकड्यात हे जास्त महागात पडतं, १५०० चे ५०० होतात. दुकानाच्या प्रश्नाकडे येऊच आपण, पण हे लक्षात ठेवा. बायकांमध्ये पदर डाव्या खांद्यावर असतो, तो घसरलेला कळत नाही आणि मग सासू-सुना सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं. व्हॉट्सॲपवर आलेले मेसेज डावीकडे असतात आणि आपले उजवीकडे, एक काकू मला म्हणाल्या होत्या की आजारी पडल्यापासून कोणी उत्तरच देत नाही.

भाऊ म्हणतोय तसा डोक्यावर परिणाम म्हणजे वेड किंवा विसरभोळेपणा, तर तसं नाही, पण मेंदूवर परिणाम झालाय हे खरंच आहे आणि तो किती खोल असू शकतो ते सांगते. १९७८ साली इटलीत बिसियाक आणि लुझाट्टी यांनी अशा पेशंटना मिलानच्या कॅथीड्रलसमोरचा (म्हणजे मोठ्या चर्चसमोरचा) चौक नुसता आठवून सांगायला लावला, चौक त्यांच्या चांगला माहितीचा होता. कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा म्हटल्यावर त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग म्हटलं आता कॅथीड्रलच्या दारात उभे राहा आणि चौकाकडे बघा, तर आधी गाळलेल्या इमारती धडाधड सांगितल्या कारण त्या आता उजवीकडे आल्या होत्या, आणि मगाशी सांगितलेल्या गायब! इथे डोळ्यांचा संबंधच नव्हता. मी पेशंटला त्यांच्या गावचा बाजाररस्ता सांगायला लावते, स्टँडवरून देवळाकडे जाताना आणि मग परत येताना. सगळ्यांत नाही होत असं, पण ज्यांच्यात होतं त्यांचे नातेवाईक ते ऐकून गार पडतात आणि त्यानंतर घरात नाटक हा शब्द निघत नाही.

दुसरा एक प्रयोग १९८८ चा, इंग्लंडमधला. डावीकडचा निग्लेक्ट असलेल्या एका बाईंना दोन घरांची चित्रं दाखवली, दोन्ही सारखीच, फक्त एका घराच्या डाव्या बाजूने आगीच्या ज्वाळा निघतायत. त्या म्हणाल्या दोन्ही घरं सेम आहेत. मग विचारलं राहायला कोणतं घ्याल, तर प्रश्नच वेडगळ आहे म्हणत बहुतेक वेळा न जळणारंच घर निवडलं. म्हणजे माहिती आत कुठेतरी पोचते, पण मला दिसतंय या पातळीपर्यंत येत नाही. यावर नंतर बरेच वाद झाले, पण मूळ गोष्ट दुसऱ्या प्रयोगांतूनही दिसलीय.

आता डोळ्यांच्या डॉक्टरांबद्दल. ते बरोबरच आहेत, नंबर आणि पडदा चांगला म्हणजे डोळा चांगला. पण त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र विचारून घ्या, व्हिज्युअल फील्ड, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं कुठवर दिसतं ते, तपासलं का? कारण स्ट्रोकनंतर हेमिअनोपिया नावाची दुसरी गोष्टही होते, त्यात दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं अर्धं दृश्य खरंच जातं, दृष्टीचा मेंदूतला रस्ता किंवा मागचा भाग गेल्यामुळे. (लोक डावा डोळा गेला समजून त्यावर पट्टी बांधतात, पण दोन्ही डोळ्यांचं डावं दृश्य उजव्या मेंदूत जातं, एका डोळ्याचा संबंध नाही.) वागण्यात फरक असा की हेमिअनोपियाच्या माणसाला हळूहळू तरी कळतं की डावीकडचं दिसत नाही, मग तो मान वळवून भरून काढतो. निग्लेक्टवाल्याला वळावंसंच वाटत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतं, आणि निग्लेक्ट जोरात असेल तर फील्डच्या मशीनचा रिपोर्टही गंडतो, म्हणून रिपोर्ट न्यूरोलॉजिस्टला दाखवून वाचून घ्या.

घरी काय बघता येईल? एक कोरा कागद बाबांच्या छातीच्या बरोबर समोर टेबलावर ठेवा, त्यावर वीसेक सेंटिमीटरची आडवी रेघ, आणि सांगा बरोबर मध्यावर खूण करा. निग्लेक्ट असेल तर खूण उजवीकडे सरकते, कधी दोन-तीन सेंटिमीटर तर कधी पार टोकाकडे. मग दुसऱ्या कागदावर सगळीकडे विखरून छोट्या रेघा मारा आणि सगळ्या खोडायला सांगा, डावीकडच्या राहतील आणि उजवीकडच्या काही दोन-दोनदा खोडल्या जातील. झालं का विचारलं की हो म्हणतील, अगदी खात्रीने. घड्याळ काढायला सांगा, काही जण बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात.

अजून एक, तुम्ही त्यांच्या समोर बसा, त्यांनी तुमच्या नाकाकडे बघायचं, तुम्ही दोन्ही हात बाजूला पसरून आधी एका हाताचं बोट हलवा, मग दुसऱ्या, मग दोन्ही एकदम. नुसतं डावीकडचं हललं तर सांगतात पण दोन्ही एकदम हलल्यावर फक्त उजवंच सांगत असतील तर त्याला एक्स्टिंक्शन म्हणतात. हे महत्त्वाचं कारण असा माणूस शांत खोलीत एकदम बरा वाटतो आणि रस्त्यावर, जिथे दोन्हीकडून काही ना काही चालू असतं, तिथे गडबडतो. हे घरचं बघणं फक्त अंदाजासाठी, खरी तपासणी थेरपिस्टकडूनच करून घ्या. आणि हे सगळं एखाद्या दिवशी अचानक वाढलं, किंवा नवीन अशक्तपणा, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं असं काही झालं तर कागद-पेन्सिल बाजूला ठेवून थेट स्ट्रोक बघणाऱ्या हॉस्पिटलला न्या, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

आता उपाय. नुसतं 'बाबा डावीकडे बघा, डावीकडे बघा' याने फार काही होत नाही आणि घरात भांडणं मात्र होतात. ते बघतात की, त्यांच्या मते जे डावीकडे आहे तिथपर्यंत, म्हणजे साधारण मध्यापर्यंत. त्यांना ठाम खूण लागते. पेपर किंवा वहीच्या डाव्या कडेला लाल टेपची उभी पट्टी चिकटवा, नियम असा की लाल दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. ताटाच्या डाव्या कडेलाही लाल काहीतरी, आणि जेवण संपलं वाटलं की बोटाने ताटाची कड चाचपत पूर्ण फेरी मारायची, डोळ्यांवर भरवसा नाही तर बोट सांगेल. दाराच्या चौकटीला डाव्या बाजूला खांद्याच्या उंचीवर पट्टी. हे रोज तेच तेच, कंटाळा येईपर्यंत करायचं कारण जी यंत्रणा आपोआप चालायची ती बसलीय, आता तेच काम ठरवून वापरायच्या यंत्रणेवर सवय म्हणून चढवायचंय.

डावा हात थोडासा जरी हलत असेल, नुसती बोटं टेबलावर आपटता येत असतील तरी पेपर वाचण्याआधी आणि वाचताना ती हलवायला सांगा, डावीकडच्या जागेत डाव्या हाताची हालचाल झाली की लक्ष तिकडे सरकायला मदत होते, काही पेशंटमध्ये हे छान चालतं. थकवा हा मोठा शत्रू आहे. सकाळी जवळजवळ पूर्ण ताट जेवणारा माणूस संध्याकाळी अर्धं सोडतो, तो आळस नाही, मेंदूची एकूण जागरूकताच कमी झाली की डावी बाजू आधी जाते. १९९८ च्या एका प्रयोगात तर अचानक मोठा आवाज करून पेशंटला खडबडून जागं केल्यावर काही क्षणांपुरता हा दोष नाहीसा झाला होता. त्यामुळे सराव झोप आणि चहा झाल्यावर, वीस मिनिटं, बस्स.

प्रिझमचे चष्मे तुम्ही ऐकले असतील, त्यात समोरचं दृश्य साधारण दहा अंश उजवीकडे सरकवतात, पेशंट बोट दाखवताना आधी चुकतो मग जुळवून घेतो, आणि चष्मा काढल्यावर त्याचा हात आणि थोडंफार लक्षही डावीकडे झुकतं. १९९८ मध्ये फ्रान्समधून हे पुढे आलं तेव्हा खूप गाजलं, नंतरच्या अभ्यासांचे निकाल मात्र कधी चांगले कधी नाहीत. प्रशिक्षित थेरपिस्ट करत असेल तर करून बघायला हरकत नाही, पण नुसता चष्मा हातात देऊन घरी घाला म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मोबाईलवरच्या ब्रेन गेम्सबद्दल माझं मत वाईट आहे, गेममध्ये स्कोअर वाढतो आणि चटणी ताटात तशीच राहते.

खोलीची मांडणी कशी करायची यावर आमच्यातही मतभेद आहेत. बरेच जण सांगतात सगळं डावीकडेच ठेवा. मी असं सांगते की जे लागलंच पाहिजे ते, म्हणजे पाण्याचा तांब्या, फोन, बोलवायची बेल, चष्मा, हे उजवीकडेच, आणि जे मिळालं नाही तरी बिघडत नाही, पेपर, शेंगदाण्याची वाटी, टीव्हीचा रिमोट, ते मध्यापासून हळूहळू डावीकडे सरकवत न्या. बोलताना आधी समोर उभं राहून नजरानजर होऊ द्या, मग बोलत बोलत डावीकडे सरका. डाव्या हाताची काळजी घ्या, झोपताना अंगाखाली दबतो, व्हीलचेअर वापरत असतील तर चाकात जातो. डावीकडचा ब्रेक लावायचा राहतो आणि उठताना खुर्ची फिरून माणूस पडतो, म्हणून त्या ब्रेकच्या दांड्याला लांब लाल पाईप लावतात. गॅसजवळ सध्या एकटं नको.

सुधारेल का? सर्वात वेगाने सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते, तुम्ही त्याच काळात आहात. बऱ्याच जणांचा ठळक निग्लेक्ट कमी होतो, काहींचा राहतो, आणि ज्यांचा कमी झाला त्यांच्यातही गर्दीत, घाईत, थकल्यावर डोकं वर काढतो. स्वतःला काही झालंय हे बाबांना पटायला लागलं तर ती चांगली खूण समजा, दाढी झाल्यावर आपणहून डावा गाल चाचपला तर मला पेढे मिळाल्यासारखं वाटतं.

स्कूटर सध्या नाही म्हणजे नाही, वर्षभरापूर्वीचं लायसन्स दाखवून हट्ट करतील तरी नाही. आपल्याकडे आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, माणसं, कुत्री, उघडणारे दरवाजे, चुकीच्या बाजूने घुसणाऱ्या बाईक सगळं डावीकडूनच येतं, आणि घरातल्या कागदावर रेघ बरोबर मध्यावर मारली म्हणून रस्त्यावर चालेल असं अजिबात नाही. न्यूरोलॉजिस्ट आणि थेरपिस्ट दोघांनी लेखी दिल्याशिवाय चावी हातात देऊ नका, ती लपवायला लागली तरी लपवा.

दुकानात मात्र बसवा, मी तर म्हणते लवकर बसवा, दिवसातून तासभर, सकाळी, गर्दी नसताना, बरोबर कोणीतरी असताना. ओळखीची जागा आणि ओळखीचं काम यासारखा सराव क्लिनिकमध्ये मी देऊ शकत नाही. शेल्फवरचे डबे डावीकडून उजवीकडे बोट लावून मोजायला द्या. रक्कम वाचताना बोट आधी डाव्या टोकाला लावायचं आणि आकडे एकेक करून मोठ्याने म्हणायचे, एक-पाच-शून्य-शून्य, यूपीआयचा स्क्रीन असो की बिल. उधारीची वही काही महिने भावाकडेच राहू द्या. आणि गल्ला सध्या उजव्या हाताला असेल तर मध्यावर आणा, दोन आठवड्यांनी थोडा डावीकडे, रात्रीची मोजणी मात्र दुसऱ्या कोणीतरी परत करायची, बाबांसमोर, न चिडता.